बंद कारखान्याची चालती यंत्रे : जावा-येझदी मोटारसायकलधारकांचे परस्परसाहाय्य आणि दुरुस्तीज्ञानाची जपणूक

प्रस्तावना

यंत्राचे आयुष्य किती, हे सामान्यतः ते निर्माण करणारा उद्योग ठरवीत असतो. उत्पादन थांबले की काही वर्षे सुटे भाग मिळतात, पुढे तेही मिळेनासे होतात, अधिकृत दुरुस्ती केंद्रे नव्या मालाकडे वळतात आणि जुने यंत्र भंगारात जाते. हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की तो निसर्गनियमासारखा वाटू लागतो. तथापि काही यंत्रे या क्रमाला अपवाद ठरली आहेत. म्हैसूर येथील आयडियल जावा या कंपनीचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्यानंतर तीन दशकांच्या आसपास काळ लोटला, तरी त्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या जावा आणि येझदी मोटारसायकली पुणे, मुंबई, कोल्हापूर, म्हैसूर, बंगळूर अशा अनेक शहरांत आजही धावताना दिसतात.

या घटनेचे स्पष्टीकरण बहुधा ‘जुन्या वस्तूंविषयीचे प्रेम’ या शब्दांत दिले जाते. ते अपुरे आहे. प्रेमाने झिजलेला पिस्टन बदलत नाही. त्यासाठी बिघाडाचे अचूक निदान, योग्य मापाचा भाग, विशिष्ट हत्यार आणि ते वापरणारा सराईत हात लागतो. कारखाना बंद झाल्यावर या चारही गोष्टी पुरवणारी अधिकृत यंत्रणा उरली नाही. तिची जागा वाहनधारकांच्या परस्परसाहाय्याने आणि गल्लीबोळांतील मिस्त्रींच्या कौशल्याने भरून काढली. हे साहाय्य कोणत्या रूपांत चालते, त्यातून कोणत्या प्रकारचे ज्ञान जपले जाते आणि ते ज्ञान आज कोणत्या अर्थाने संकटात आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

जावा ही मुळात चेक कंपनी. फ्रांतिशेक यानेचेक या उद्योजकाने १९२९ मध्ये प्राग येथे तिची स्थापना केली. वाँडरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलीच्या निर्मितीचे हक्क त्याने घेतले होते. ‘यानेचेक’ आणि ‘वाँडरर’ या दोन नावांच्या आरंभीच्या अक्षरांपासून ‘जावा’ हे नाव तयार झाले. मुंबईचे रुस्तम इराणी आणि फारुख इराणी यांनी या कंपनीशी करार करून म्हैसूर येथे कारखाना उभारला व १९६१ पासून तेथे उत्पादन सुरू झाले. प्रारंभी गाड्या जावा या नावाने विकल्या जात. १९७३ पासून त्यांना येझदी हे नाव मिळाले. ‘ए टाइप’ व ‘बी टाइप’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या जावा आणि पुढील काळातील ऑइल किंग, रोडकिंग व क्लासिक ही या कारखान्याची परिचित वाहने होत.

ऐंशीच्या दशकात भारतीय बाजारपेठेचे स्वरूप बदलले. जपानी सहकार्याने तयार झालेल्या १०० सीसी क्षमतेच्या हलक्या गाड्या बाजारात आल्या. हीरो होंडाची सीडी १०० ही फोर-स्ट्रोक गाडी १९८५ मध्ये आली आणि एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, हा ग्राहकाचा पहिला प्रश्न बनला. २५० सीसीच्या, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागणाऱ्या टू-स्ट्रोक गाडीला या स्पर्धेत टिकणे अवघड होते. नव्वदच्या दशकात धुराविषयीचे निकषही कडक होत गेले. अखेर १९९६ मध्ये कारखाना बंद झाला.

यानंतरची एक घटना लक्षणीय आहे. क्लासिक लेजंड्स या कंपनीने नोव्हेंबर २०१८ मध्ये जावा आणि जानेवारी २०२२ मध्ये येझदी ही नावे पुन्हा बाजारात आणली. परंतु नव्या गाड्यांची इंजिने फोर-स्ट्रोक व द्रवशीतित आहेत. त्यांचे भाग जुन्या इंजिनाला बसत नाहीत. नाव परत आले, पण त्यामुळे जुन्या गाडीच्या मालकाची क्रँक, सील वा गिअर यांची अडचण दूर झाली नाही. नाममुद्रेचे पुनरुज्जीवन आणि यंत्राचे जतन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

यंत्राची रचना : सुलभता आणि गुंतागुंत

कोणतेही यंत्र वापरणाऱ्याला दुरुस्तीस प्रवृत्त करते किंवा दूर ठेवते. या दृष्टीने जुन्या जावा-येझदीची रचना पाहणे उद्बोधक ठरते. तिचे इंजिन एका सिलिंडरचे, सुमारे ६५ मिलिमीटर व्यासाचे आणि ७५ मिलिमीटर धावेचे आहे. टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, टायमिंग चेन हे भाग नसतात. सिलिंडर हेड व सिलिंडर काढण्यास फार हत्यारे लागत नाहीत. ठिणगी देणाऱ्या पॉइंटमधील फट सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवावी लागते व ती फिलर गेजच्या पातळ पट्टीने कोणालाही मोजता येते. बिघाड दिसतो, ऐकू येतो आणि हाताला जाणवतो. प्लग काढून पाहिला असता त्याचे टोक तांबूस-तपकिरी असेल तर मिश्रण योग्य, काजळीने काळे असेल तर पेट्रोल वा ऑइल अधिक, आणि पांढरट असेल तर हवा अधिक, असा अर्थ लावता येतो.

असे असले तरी हे यंत्र सर्वस्वी सोपे नाही. किक मारण्याचा आणि गिअर बदलण्याचा दांडा एकच असणे हे या गाड्यांचे ठळक वैशिष्ट्य आहे. गिअरचा दांडा दाबताच क्लच आपोआप सुटा होईल, अशी योजनाही त्यात आहे. तिची जुळणी कशी करावी, हे अन्य गाड्यांवर काम केलेल्या मेकॅनिकला ठाऊक असेलच असे नाही. क्लच बाहेर काढण्यासाठी विशेष पुलर लागतो. तो नसताना छिन्नी-हातोड्याने केलेली घाई महागात पडते. क्रँकचे भाग एकमेकांत दाबून बसवलेले असल्यामुळे कनेक्टिंग रॉड बदलायचा झाल्यास प्रेस आणि लेथ या दोन्हींची गरज पडते. थोडक्यात, नेहमीची देखभाल मालकाच्या आवाक्यात आणि मोठी दुरुस्ती जाणकाराच्या हाती, अशी या यंत्राची विभागणी आहे. परस्परसाहाय्याला वाव मिळतो तो नेमका या दोहोंच्या मधल्या जागेत.

परस्परसाहाय्याची रूपे

अ) निदान : साहाय्याचे पहिले आणि सर्वांत मोठे रूप म्हणजे बिघाडाचे निदान. उदाहरणार्थ, गाडी पंधरा-वीस मिनिटे नीट चालते, मग बंद पडते आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. अनुभवी मालक अशा वेळी प्रथम टाकीचे झाकण उघडून पाहण्यास सांगतो. झाकणातील हवेचे बारीक छिद्र बुजले असेल तर टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल खाली उतरेनासे होते. झाकण सैल करताच गाडी सुरू झाली तर खर्च शून्य. तसे न झाल्यास तापल्यावर निकामी होणाऱ्या कंडेन्सर वा इग्निशन कॉइलकडे संशय वळतो.

दुसरे उदाहरण धुराचे आहे. पेट्रोलमध्ये ऑइलचे प्रमाण बरोबर आहे, जुन्या गाड्यांना सांगितलेल्या पंचवीसास एक या हिशेबाने लिटरमागे सुमारे ४० मिलिलिटर ऑइल घातले जाते, तरीही सायलेन्सरमधून पांढरा धूर लोटतो. अशा वेळी जाणकार विचारतो, की गिअरबॉक्समधील ऑइल कमी होते काय आणि गाडीखाली डाग पडतो काय? ऑइल कमी होत आहे पण डाग नाही, असे उत्तर आले तर क्रँकच्या क्लचकडील बाजूचे सील गेले असून इंजिन गिअर ऑइल ओढत आहे, असा निष्कर्ष निघतो. उलट डायनामोकडील सील गेले तर इंजिन हवा ओढते, मिश्रण विरळ होते, गाडी उभी असताना आपोआप चढ्या आवाजात फिरू लागते आणि दुर्लक्ष झाल्यास पिस्टन तापून जाम होतो. दोन्ही सील साधी रबरी कडी आहेत. त्यांच्या बिघाडाची लक्षणे मात्र परस्परविरुद्ध आहेत. दोन प्रश्नांच्या आधारे संपूर्ण इंजिन उघडण्याचा खर्च योग्य ठिकाणी वळवता येतो वा टाळता येतो, हे या निदानाचे मोल आहे.

आ) सुटे भाग : कारखान्याच्या काळातील न वापरलेले भाग जुन्या दुकानदारांच्या माळ्यांवर कधीमधी सापडतात. पुण्यातील नाना पेठ वा मुंबईतील चोर बाजार यांसारख्या ठिकाणी नवे, जुने आणि नक्कल केलेले असे तिन्ही प्रकारचे भाग शोधणारे लोक दिसतात. चेक प्रजासत्ताकात जुन्या जावांचे भाग अजून तयार होतात. ते मूळ चेक नमुन्यावर आधारलेल्या जुन्या जावांना बरेचसे उपयोगी पडतात, परंतु म्हैसूरमध्ये घडलेल्या नंतरच्या गाड्यांना सर्व भाग जुळतीलच असे नाही. त्यामुळे कोणता भाग कोणत्या गाडीला चालतो, हे माहीत असणे हीच एक संपत्ती ठरते. एकाच्या घरी अडगळीत पडलेला कार्ब्युरेटर दुसऱ्याची वर्षभर उभी असलेली गाडी चालू करतो. काही वेळा अनेक मालक एकत्र येऊन एखादा भाग लेथवर वा ओतकामातून तयार करून घेतात. एक नग करून घेणे परवडत नाही, पण पन्नास नगांची मागणी असेल तर कारखानदार काम हाती घेतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या वसाहतींत ओतकाम, लेथ, गिअर कापणे ही कामे एकमेकांच्या शेजारी चालतात. अशी ठिकाणे या प्रकारच्या निर्मितीस अनुकूल असतात.

इ) हत्यारे : क्लचचा पुलर, डायनामोचा रोटर काढण्याचा विशिष्ट बोल्ट, सिलिंडर मोजण्याचे बोअर गेज ही हत्यारे प्रत्येकाने विकत घेण्याची आवश्यकता नसते. वर्षाकाठी एकदा लागणारे हत्यार शहरात दहा जणांमध्ये एक असले तरी पुरते. अट एवढीच की ते कोणाकडे आहे हे इतरांना माहीत असावे आणि ते स्वच्छ होऊन वेळेवर परत यावे. हत्यार परत न करणाऱ्यास पुढच्या वेळी ते मिळत नाही. कोणताही लिखित नियम नसताना ही शिस्त पाळली जाते.

ई) सहकार्य : सुट्टीच्या दिवशी एखाद्याच्या अंगणात तीन-चार जण जमतात आणि एका गाडीचे काम पुरे करतात. टू-स्ट्रोक इंजिनात जळलेल्या ऑइलचा कार्बन एक्झॉस्टच्या वाटेत साठतो, ती अरुंद होते आणि गाडीची ओढ कमी होते. सिलिंडर हेड, पिस्टनचा माथा आणि सायलेन्सरमधील बॅफल यांवरील कार्बन काढण्याचे काम वेळखाऊ आहे. बॅफल कॉस्टिक सोड्यात भिजवून साफ करता येते, परंतु तोच उपाय अॅल्युमिनियमच्या भागांवर केल्यास ते खाल्ले जातात. ही सूचना ज्याने एकदा भाग गमावलेला असतो, तोच सर्वांत आग्रहाने देतो. जुलै महिन्यातील दुसरा रविवार आंतरराष्ट्रीय जावा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशीच्या मेळाव्यात मिरवणुकीइतकीच गर्दी उघड्या इंजिनांभोवती असते. मेळाव्याच्या आधीचे आठवडे तर अशा सामूहिक दुरुस्तीचा हंगामच असतो.

सावड, इर्जिक आणि देवघेव

हे साहाय्य म्हणजे दान आहे काय, की तो अप्रत्यक्ष व्यवहार आहे? मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ च्या आपल्या निबंधात भेट देणे, स्वीकारणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने एकमेकांशी जोडलेली असतात, अशी मांडणी केली. महाराष्ट्राच्या कृषिजीवनात याहून जवळचे दोन नमुने उपलब्ध आहेत. सावड या प्रथेत दोन शेतकरी आपले बैल वा श्रम एकत्र करून आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबतात. तेथे परतफेड समान आणि ठरलेली असते. इर्जिक या प्रथेत गावातील अनेक जण आपापली औते घेऊन एकाच्या शेतावर जमतात, एका दिवसात काम उरकतात आणि तो सर्वांना जेवू घालतो. तेथे परतफेड त्याच व्यक्तीला, त्याच मापाने होईल असे नाही. ती सबंध समूहाकडे केव्हातरी वळते.

मोटारसायकलधारकांमध्ये हे दोन्ही प्रकार आढळतात. हत्यारांची आणि भागांची देवघेव सावडीसारखी आहे, कारण तीत घेतलेल्याची आठवण ठेवली जाते. अंगणातील सामूहिक काम इर्जिकीसारखे आहे. यजमान जेवण देतो आणि मदतीचा हिशेब मांडला जात नाही. नव्याने आलेल्या, देण्यासारखे काहीच नसलेल्या मालकाला पहिली दोन-तीन वर्षे केवळ घेण्याची मुभा असते. पुढे त्याने अन्य नवागताला तसेच द्यावे, एवढीच अपेक्षा असते. दुरुस्तीचे ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे जाण्याची वाट या अपेक्षेतूनच तयार होते.

दुरुस्तीज्ञानाचे स्वरूप

मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अव्यक्त ज्ञानाची संकल्पना विशद केली. मनुष्याला जेवढे कळते तेवढे सगळे त्याला सांगता येत नाही, हे तिचे सार होय. दुरुस्तीच्या क्षेत्रात याचा प्रत्यय पदोपदी येतो. नट किती आवळावा, हे आकड्यात सांगता येते. परंतु जुन्या अॅल्युमिनियमच्या आट्या तुटण्याच्या बेतात आल्या आहेत, हे पान्यावरच्या हातालाच कळते. रिकाम्या सिलिंडरमध्ये पिस्टन कसा सरकला म्हणजे बोअरिंग योग्य झाले, हे सांगण्यापेक्षा दाखवणे सोपे असते.

ज्यूलियन ऑर यांनी झेरॉक्स यंत्रांच्या तंत्रज्ञांचा केलेला अभ्यास १९९६ मध्ये ग्रंथरूपाने आला. तंत्रज्ञ अवघड बिघाड सोडवताना कंपनीच्या पुस्तिकेइतकाच एकमेकांना सांगितलेल्या अनुभवकथांचा आधार घेतात, असे त्यांनी दाखवून दिले. जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये असे प्रतिपादन केले की शिकणारा प्रथम समूहाच्या कडेवर उभा राहून लहान कामे करतो आणि हळूहळू केंद्राकडे सरकतो. मोटारसायकलधारकांच्या वर्तुळात हाच क्रम दिसतो. नवागत आधी विजेरी धरतो, भाग पेट्रोलमध्ये धुतो, निघालेले नट क्रमाने मांडून ठेवतो. पुढे तो पॉइंटची फट लावतो आणि काही वर्षांनी क्लच उघडतो. पाहणे, धरणे, करणे आणि शिकवणे या चार पायऱ्यांपैकी एकही गाळता येत नाही.

यातच या ज्ञानाची नाजूकता आहे. जे शेजारी बसून शिकले जाते, ते शेजारी बसणारा नसेल तर संपते. आजचा तरुण मेकॅनिक इलेक्ट्रॉनिक इग्निशन असलेल्या गाड्यांवर शिकला आहे. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा निकष लागू झाल्यावर दुचाकींमध्ये इंधन इंजेक्शन सर्रास आले आणि कार्ब्युरेटरही मागे पडला. पॉइंट आणि कार्ब्युरेटर यांची जुळणी करणारे हात वयोवृद्ध होत आहेत.

मिस्त्रीचे स्थान

मालकांच्या परस्परसाहाय्याविषयी बोलताना मिस्त्रीचा उल्लेख अनेकदा ओझरता होतो. वस्तुस्थिती अशी आहे की या साहाय्यातील बरेचसे ज्ञान मूलतः त्याचेच आहे. कारखाना चालू असताना विक्रेत्यांच्या दुरुस्ती केंद्रांत राबलेले आणि पुढे स्वतःचे लहान गॅरेज काढलेले मिस्त्री, तसेच त्यांच्या हाताखाली पोरवयात कामाला लागलेले शागीर्द, यांनी ही वाहने चालती ठेवली. मालक त्यांच्याजवळ उभा राहून शिकला आणि जे शिकला ते इतर मालकांना मोफत सांगू लागला. मालकासाठी हे ज्ञान छंदाचा भाग आहे, तर मिस्त्रीसाठी ते रोजच्या भाकरीचे साधन आहे.

येथे न्यायाचा प्रश्न उभा राहतो. इर्जिकीत सर्व सहभागी शेतकरी असतात व आज ना उद्या प्रत्येकाच्या शेताला वळ मिळतो. मिस्त्री मात्र या वर्तुळात परतफेडीचा वाटेकरी नसतो. त्याने पाच मिनिटांत केलेल्या निदानाचे पैसे देणे अनेकांना अनावश्यक वाटते, कारण ‘त्याने काही उघडलेच नाही’. वस्तुतः न उघडता कळणे हीच चाळीस वर्षांच्या अनुभवाची फलश्रुती असते. दुसऱ्या बाजूने असेही दिसते की परस्परसाहाय्यामुळे मिस्त्रीचे किरकोळ काम कमी झाले तरी क्रँक, बोअरिंग, गिअरबॉक्स अशी मोठी कामे त्याच्याकडे येतात, कारण अन्यथा भंगारात गेल्या असत्या अशा गाड्या रस्त्यावर राहतात. दोन्ही पक्ष एकमेकांवर अवलंबून आहेत. तथापि हे अवलंबन समतोल राहावयाचे असेल तर निदानाचा मोबदला देणे आणि ज्ञान पुढे देताना मिस्त्रीचे ऋण नावानिशी मान्य करणे, या दोन गोष्टी रूढ होणे अगत्याचे आहे.

मर्यादा आणि धोके

परस्परसाहाय्याचे चित्र निर्दोष आहे असे मानणे योग्य होणार नाही. पहिला धोका सुरक्षिततेचा आहे. कार्ब्युरेटर चुकीचा लावला तर गाडी बंद पडते. ब्रेक चुकीचे लावले तर जीव जातो. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, त्यामुळे ड्रममधील धूळ फुंकून काढण्याची सवय घातक आहे. ओल्या फडक्याने ती पुसणे हिताचे. ब्रेक, चाक आणि स्टिअरिंग यांचे काम हौशी हाताने केल्यास ते जाणकाराकडून तपासून घेणे, हा संकेत कठोरपणे पाळला गेला पाहिजे.

दुसरा धोका नकली भागांचा आहे. झिजलेल्या भागाचे माप घेऊन नवा भाग बनवला तर तो झिजेचीच नक्कल करतो. मूळ माप न वापरलेल्या भागावरून वा आराखड्यावरूनच कळते. माप बरोबर असले तरी धातू आणि त्यावरील उष्मासंस्कार चुकला तर गिअरचे दात थोड्याच दिवसांत झडतात. तिसरी मर्यादा सामाजिक आहे. या वर्तुळात पुरुषांचेच प्राबल्य आहे, आणि जुन्या गाडीला छंदाचे मूल्य आल्यामुळे तिची किंमत वाढून रोजच्या कामासाठी ती वापरणारा सामान्य मालक मागे सरतो. जतनाची चळवळ केवळ सधनांची राहिली तर तिच्यातील परस्परसाहाय्याचा आशय पातळ होईल.

कायदा आणि दुरुस्तीचा हक्क

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते व पुढे तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. जुन्या गाडीची कागदपत्रे पुरी करणे हे इंजिन उघडण्याइतकेच किचकट काम असल्याने या बाबतीतही मालक एकमेकांना मार्गदर्शन करतात. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली. मात्र अशी नोंदणी झालेले वाहन नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, देखभाल, इंधन भरणे अशा मर्यादित कारणांसाठीच ते चालवता येते. म्हणजे मालकाला वारसावस्तू आणि रोजचे वाहन यांतून निवड करावी लागते.

जुलै २०२२ मध्ये केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरवण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये यासंबंधीचे संकेतस्थळ सुरू केले. शेती अवजारे, मोबाइल, गृहोपयोगी विद्युत उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे त्यासाठी निवडण्यात आली. दुरुस्ती पुस्तिका आणि सुटे भाग ग्राहकाला व स्वतंत्र दुरुस्तीकाराला उपलब्ध व्हावेत, हा या विचाराचा गाभा आहे. जावा-येझदीच्या अनुभवातून या चर्चेत एक महत्त्वाची भर पडते. उत्पादक अस्तित्वात असताना माहिती खुली करणे पुरेसे नाही. उत्पादन थांबताना आराखडे, मापे आणि धातूंची माहिती कोणाच्या हाती राहावी, याचाही विचार झाला पाहिजे. आजच्या गाड्यांत संगणकीय नियंत्रण आले आहे व त्यांचे निदान कंपनीच्या उपकरणाशिवाय अवघड होते. अशी कंपनी उद्या बंद पडली तर हात, कान आणि फिलर गेज यांच्या बळावर ती गाडी चालू ठेवता येणार नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की जुन्या मोटारसायकली चालू राहण्यामागे स्मरणरंजनापेक्षा एक कार्यरत ज्ञानव्यवस्था आहे. निदान, भाग, हत्यारे आणि श्रम यांची देवघेव हे तिचे चार आधार आहेत. मिस्त्री हा तिचा मूळ स्रोत आहे. लेखी नियम नसतानाही ती शिस्तीने चालते. परंतु ती शेजारी बसून शिकण्यावर अवलंबून असल्यामुळे एका पिढीच्या विरामानेही खंडित होऊ शकते.

या संदर्भात महाविद्यालयांना करण्यासारखे काही ठोस काम आहे. वृद्ध मिस्त्रींच्या मुलाखती मराठीत नोंदवून ठेवणे, त्यांना त्याबद्दल मानधन देणे, न वापरलेल्या भागांची मापे घेऊन आराखडे तयार करणे, आणि गॅरेजमध्ये रूढ असलेल्या शब्दांचा कोश सिद्ध करणे ही कामे इतिहास, समाजशास्त्र, मराठी आणि विज्ञान या विभागांना एकत्रितपणे हाती घेता येतील. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना त्यात सामील करून घेतल्यास नोंदीबरोबर हाताचे कौशल्यही पुढे जाईल. म्हैसूरचा कारखाना बंद झाला तेव्हा त्याचे ज्ञान जपण्याची जबाबदारी कोणी अधिकृतपणे स्वीकारली नव्हती. ती ज्यांनी न सांगता उचलली, त्यांच्यापैकी अनेक जण अद्याप कामावर आहेत. त्यांच्याकडून शिकून घेण्यास उपलब्ध असलेला काळ मात्र मर्यादित आहे.